घड्याळासारखी नाडी

गुलाबराव ढोबळे यांनी माझं मनगट पहिल्यांदा धरलं, ते मी त्यांच्यापुढे पत्रक धरलं होतं म्हणून. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी मी सकाळपासून पत्रकं वाटत उभा होतो. मथळा होता, ‘चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनो, जागे व्हा!’ अंगात खाकी सदरा, हातात ओलं गोणपाट घेऊन तलावाकडून येणारा हा माणूस त्या मथळ्यातला आहे, हे मी लांबूनच ओळखलं. त्यांनी पत्रक घेतलंच नाही. मनगट घेतलं, त्यावर तीन बोटं ठेवली आणि म्हणाले,

“श्वास घे. लंबा. आता सोड. हळू सोड ना गा, चूल फुंकून राहिला काय?”

मी गोंधळून श्वास घेतला आणि सोडला. दुसऱ्या हातातलं गोणपाट मधूनमधून आपोआप उड्या मारत होतं.

“फस्क्लास,” ते म्हणाले. “घेतला का धावते, सोडला का थबकते. एक नंबरची बेशिस्त नाडी आहे. सांभाळ. आन आता तुहा कागद. जागा तं मी चार वाजतापासूनच आहो. बेडकं का दहा वाजता उठतात?”

गोणपाटात बेडूक होते. गुलाबराव आमच्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कोणतं महाविद्यालय ते सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून खुर्चीवर आहेत आणि मला या लेखात त्यांच्याशी भांडायचं नाही. ते मी दुसरीकडे करतो. विद्यार्थी त्यांना बेडूकमामा म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी तलावातून बेडूक आणले, हौदात जगवले आणि प्रयोगाच्या दिवशी टेबलाटेबलावर नेऊन ठेवले. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर सगळ्या विभागप्रमुखांची नावं सोनेरी अक्षरांत होती. बेडकाच्या मानेतली ती केसाएवढी दहावी नस, जी मेंदूतून निघून काळजापर्यंत जाते आणि त्याला आवरून धरते, ती निम्म्या वर्गाला शोधून देणाऱ्याचं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मी हे त्यांना तावातावानं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “पाटीवर नाव गेलेले सारे मेले, नाहीतं रिटायर झाले. हजेरीपटच बरा.”

पुढे मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळे माझ्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला उद्गारचिन्ह असायचं, आणि गुलाबरावांना ते ऐकू यायचं. “उतर, उतर खाली,” ते म्हणायचे. “माणसाशी बोलून राहिला तू, भिंतीशी नाही.”

त्यांच्या घरात दोनच माणसं. ते आणि मुलगी सुमन. बायको सुमनच्या लहानपणीच गेली होती. त्या वर्षी सुमनला त्याच महाविद्यालयात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. ढोबळ्यांच्या सात पिढ्यांत असं झालं नव्हतं, पण गुलाबरावांनी पेढे वाटले नाहीत की सत्यनारायण घातला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी मला, दूधवाल्याला, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या चांभाराला, सगळ्यांना सांगितली होती.

“तीस वर्षं लोकायच्या पोरायच्या टेबलावर बेडूक ठेवला. दिवाळी झाली का पैली बॅच लागते प्रॅक्टिकलले. त्या दिवशी माह्या पोरीच्या टेबलावर मी ठेवीन. मंग कायले राहा तिथं? दुसऱ्या दिवशी राजीनामा.”

एवढंच. त्यांना दिवाळीनंतरचा तो एक दिवस हवा होता.

त्यांचं शिकवणं मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दाराच्या फटीतून. शिकवायचा अधिकार त्यांना नव्हता. ते फक्त सामान ठेवताना बोलायचे. प्राध्यापक फळ्यावर काळजाच्या मज्जातंतूंचे बाण काढत असायचे आणि मागच्या टेबलाशी गुलाबराव हळू आवाजात रिक्षा चालवत असायचे.

“काळीज म्हणजे सायकलरिक्षा, समजलं? पायडल मारणारी नस वेगळी, बिरेक लावणारी वेगळी. जवानीत दोन्ही टाइट. श्वास आत घेतला का बिरेक जरा सुटते, बाहेर सोडला का लागते. म्हणून तुमची नाडी अशी मागंपुढं होते. म्हातारपणात काय होते? बिरेकचं रबर घासते, चेन ढिली पडते. रिक्षा चालते, पण एकाच चालीनं. उतार असो का चढ, त्याले काही देणंघेणं नाही.”

मग दहावी नस विजेच्या तारेनं डिवचायची वेळ आली की सगळा वर्ग त्यांच्या टेबलाभोवती. काजळी फासलेल्या फिरत्या नळकांड्यावर काळजाच्या ठोक्यांनी पांढरी रेघ उमटत असायची. नस डिवचली की रेघ सपाट. काळीज थांबलेलं. पोरी तोंडावर हात घ्यायच्या. गुलाबराव घड्याळाकडे बघत विचारायचे, “येऊ का चहा पिऊन?” आणि कोणी काही बोलण्याआधी ते थांबलेलं काळीज, तार तशीच लावलेली असताना, आपल्या मर्जीनं एक ठोका टाकायचं. मग दुसरा.

मी दाराशी उभा राहून पेटलो होतो. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “तू हे पत्रकात टाकशील, मले माहीत आहे. नको टाकू. ते बेडकाचं काळीज आहे गा, कामगार वर्गाचं नाही.”

त्यांच्या खोड्या मात्र वर्गभेद मानणाऱ्या होत्या, हे मी अभिमानानं नोंदवतो. एखादा पोट्टा त्यांना ‘ए शिपाई’ म्हणाला की ते नम्रपणे ‘जी साहेब’ म्हणायचे. त्या दिवशी त्या पोट्ट्याला स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जास्त आदरानं दिला जायचा. संध्याकाळी तो दोन्ही कानांत काजळीचे काळे गोल घेऊन वसतिगृहाच्या जेवणघरात बसायचा आणि मुली का हसतात हे त्याला कळायचं नाही.

नाडीवरून वय सांगायची त्यांची ख्याती तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार जरीपटक्यापर्यंत पोचली होती. मनगट धरायचं, लांब श्वास घ्यायला लावायचा, नंतर झोपवून उभं करायचं आणि सांगायचं. पाचसात वर्षांच्या आत चुकायचे नाहीत. आमच्या भागात एक युवक नेते होते. मी शाळेत होतो तेव्हाही ते युवक नेते होते. एका गणेशोत्सवात आरोग्य शिबिराच्या मांडवात ते फोटोसाठी पहिले बसले. गुलाबरावांनी त्यांचं मनगट धरलं. श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. पुन्हा एकदा. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “भाऊ, युवक शाखा सोडा आता. पेन्शनचा अर्ज भरा.”

मांडव कोसळायचा बाकी राहिला. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आणलं: ‘युवक नेत्याची नाडी म्हातारी! जनतेपुढे सत्य उघड!’

गुलाबराव माझ्यावर चिडलेले मी तेवढ्या एकदाच पाहिले. ते पत्रक घेऊन माझ्या खोलीत आले आणि त्यांनी ते माझ्या मांडीवर टाकलं.

“हे काहून केलं?”

“तुम्हीच तर चारशे लोकांसमोर बोललात!”

“मी चेष्टा केली. तू छापली. चेष्टा हवेत जाते, छापलेलं भिंतीवर राहते. अन् मी त्याच्या कानात काय सांगतलं ते ऐकलं होतं का तू?”

मी ऐकलं नव्हतं. आठ दिवसांनी ते युवक नेते सकाळी सकाळी गुलाबरावांच्या दारात उभे होते, तेव्हा कळलं. नाडी अशी सपाट नुसत्या वयानं होत नाही, साखरेच्या आजारानंही होते. उद्याच्या उद्या तपासून घ्या, असं गुलाबराव त्यांच्या कानात म्हणाले होते. तपासणीत साखर निघाली होती. नेते गुलाबरावांच्या पाया पडले आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेले की मी ते पत्रक आजवर माझ्या संग्रहात ठेवलेलं नाही.

आता गुलाबरावांच्या स्वतःच्या नाडीबद्दल.

त्यांच्या कागदोपत्री वयाला निवृत्तीची साठ वर्षं पुरी व्हायला अजून दीड वर्ष होतं. पण त्यांच्या गावच्या मास्तरांनी आख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहिली होती, आणि सालही पोरांची उंची बघून. गुलाबराव बुटके. “कागदावर मी अठ्ठावनचा,” ते म्हणायचे, “नाडीवर पासष्टचा. सरकार कागद वाचते, म्हणून चालून राहिलं.”

चालत होतं, पण उठताना अडत होतं. खाटेवरून उठायचं तर ते आधी बसायचे, पायाची बोटं हलवायचे, मग खांब धरून उभे राहायचे आणि पाय उचलण्याआधी थोडा वेळ गप्प. मी विचारलं, तर म्हणाले, “उभं राहिलं का रक्त पायात उतरते. मंग डोकं काळजाले तार करते का भाऊ, जोर लाव. जवान माणसाची तार टक्कन पोचते. माही आजकाल पोस्टकार्डानं जाते.”

घरी पोस्टकार्डाची वाट बघायला सवड होती. प्रयोगशाळेत नव्हती. हौदापाशी उकिडवं बसायचं, बेडूक धरायचा आणि झटक्यात उठायचं. दसऱ्याच्या आसपास एका आठवड्यात ते दोनदा तसेच हौदाशी कोसळले. पहिल्या वेळी ‘पाय घसरला’ म्हणाले. दुसऱ्या वेळी नवीन विभागप्रमुख तिथंच उभे होते. त्यांनी कागद काढला: प्रकृतीच्या कारणास्तव कामास योग्य आहे किंवा कसे, हे वैद्यकीय मंडळाने तपासावे. मंडळाची तारीख दिवाळीच्या आधीची होती.

मी तडक कर्मचारी संघटनेच्या कचेरीत गेलो आणि मोर्चाचं पत्रक लिहून आणलं. ‘तीस वर्षांच्या सेवेचे हेच फळ?’ गुलाबरावांनी ते शांतपणे वाचलं.

“चांगलं लिहिलं. पण हा अन्याय नाही गा, वय आहे. वयावर मोर्चा कोणत्या हापिसात नेतो?”

“मग काय करायचं?”

“पास व्हायचं,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. कोणाच्या तरी कानांत काजळी जाणार होती.

मंडळाच्या दिवशी सकाळी सुमन कॉलेजात गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. जुन्या धोतराच्या लांब पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. “धर हे टोक. ताण. अजून ताण, पत्रक चिकटवून राहिला का?” घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पाय आवळून बांधले. वरून पायजमा. “आता उभं राहिलो तरी रक्त उतरन कुठं? रस्ताच बंद.” मग त्यांनी खारं ताक दोन तांबे भरून एका दमात घेतलं. “अंगात पाणी अन् मीठ असलं का प्रेशर टिकते.”

मी त्याआधी महिनाभर खोट्या दाखल्यांच्या विरोधात लिहीत होतो. ते आता माझ्या घशाशी आलं. “काका, ही फसवणूक आहे.”

“आहे ना.”

“मग?”

“तपासाचं काम त्यायचं. पट्ट्या सोडून पाहाले त्यायले कोणी नाही म्हटलं?” मग आवाज उतरला. “एक दिवस पायजे मले, लेका. एक टेबल. त्याच्यानंतर मी सवता जाऊन सांगतो का म्हातारा झालो.”

मी पट्टीची गाठ मारली. माझ्या तत्त्वनिष्ठेचा इतिहास कोणी लिहिलाच, तर ती गाठ त्यात यायला हवी.

संघटनेचा माणूस म्हणून मला त्यांच्यासोबत आत बसायची परवानगी होती. पण आत जायच्या आधी बाहेर तीन तास बसावं लागलं. बसावं म्हणजे मी बसलो. गुलाबरावांचे गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे ते कवायतीतल्या शिपायासारखे व्हरांड्यात येरझारा घालत होते. तासाभरानं ताकानं आपलं काम सुरू केलं.

“जाऊन या ना काका,” मी म्हणालो. “समोरच आहे.”

“नाही. सोडलं तं प्रेशर जाईन.” घाम टिपत त्यांनी मला शास्त्र सांगितलं. “पोटात तुंबलेलं असलं का प्रेशर उलट चढते. आता तं फायदाच आहे. फक्त हसवू नको.”

यावर मला जे हसू आलं ते मी पत्रकांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून दाबलं.

मंडळात तिघे. मधे वयस्क अध्यक्ष, एका बाजूला सह्या करणारे एक गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला तरुण डॉक्टर देशकर. देशकरांना पाहून गुलाबरावांचा चेहरा उजळला. आठदहा वर्षांपूर्वी देशकर याच महाविद्यालयात शिकत होते आणि बेडकाची दहावी नस त्यांना गुलाबरावांनीच शोधून दिली होती. अलीकडे ते पुन्हा इथंच शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागले होते.

“झोपा,” अध्यक्ष म्हणाले. गुलाबराव ओंडक्यासारखे टेबलावर आडवे झाले. अध्यक्षांनी नाडी मोजली, रक्तदाब घेतला. “उभे राहा.” उभे राहिले. पुन्हा रक्तदाब. पारा जिथं होता तिथंच राहिला.

“चक्कर?”

“नाही साहेब.”

“डोळ्यांपुढे अंधारी?”

“लाइट आहे ना साहेब.”

अध्यक्ष हसले. त्यांनी पुन्हा मनगट धरलं, आपल्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं आणि मान डोलावली. “वा! या वयात काय नाडी आहे! झोपून तेवढी, उभं राहून तेवढीच. अगदी घड्याळासारखी. देशकर, पाहा जरा.”

देशकरांनी बोटं ठेवली. “खरंच सर. इतकी नियमित! तरुण माणसाचं हृदय आहे.”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. मी खाली बघून मुठी वळल्या. झालं होतं. दिवाळी, बॅच, टेबल, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन उभं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

“देशकर साहेब,” गुलाबराव म्हणाले. “पुन्हा बोला.”

“काय?”

“आता जे बोलले ते. कोनाचं काळीज आहे म्हणता?”

“तरुण माणसाचं. नियमित आहे ना.”

“कोनी शिकवलं हे तुम्हाले?”

अध्यक्षांचं पेन कागदाच्या वर थांबलं. मी गुलाबरावांच्या सदऱ्याची बाही ओढली. त्यांनी माशी झटकावी तसा माझा हात झटकला.

“घड्याळ जवान असते काय हो? मी तं नाही शिकवलं असं. या, बसा इथं. साहेब, यायची नाडी धरा. हो, तुम्हीच धरा. देशकर साहेब, श्वास घ्या. लंबा. सोडा. साहेब, काय लागून राहिलं?”

अध्यक्षांनी देशकरांचं मनगट धरलं होतं. पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मग त्या गेल्या. “वेग वाढतो आहे... आता कमी झाला. चांगलाच फरक आहे.”

“आता माही धरा.” त्यांनी हात पुढे केला. श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. “आहे फरक?”

“नाही,” अध्यक्ष हळूच म्हणाले.

“तं जवान कोन? जे बदलते ते. उभं राहिलो तं माही नाडी जरा तरी पळाले पायजे होती, नाही पळाली. ऑर्डरच पोचत नाही तं पळन कशी? अन् तुम्ही म्हणता, वा!”

देशकरांचे कान लाल झाले होते. पण अध्यक्ष आता खुर्चीत पुढे सरकले. ते मंडळाचे अध्यक्ष राहिले नव्हते, विद्यार्थी झाले होते, आणि तिथंच घात झाला. त्यांनी एक अगदी बरोबर प्रश्न विचारला. “पण ढोबळे, नाडी वाढत नाही, तर उभं राहिल्यावर तुमचा रक्तदाब टिकला कसा?”

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको. त्यांनाही कळत होतं. पण बरोबर प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

“सांगतो,” ते म्हणाले. “आधी मले दोन मिनिटं बाहेर जाऊ द्या. तेही तपासणीतच धरा.”

ते परत आले ते मोकळ्या चेहऱ्यानं. पायजमा वर करून पट्ट्या सोडायला लागले. सह्या करणारे गृहस्थ ‘हे काय, हे काय’ म्हणत उठले. अध्यक्षांनी त्यांना हातानं बसवलं. जमिनीवर धोतराच्या पट्ट्यांचा ढीग पडला. गुलाबराव टेबलावर आडवे झाले, देशकरांना म्हणाले, “पट्टा माह्या दंडाले बांधून ठेवा, उभा झालो का लगेच मोजा,” आणि उठून उभे राहिले.

रंग उतरताना दिसला. आधी ओठांवरचा, मग गालांवरचा. देशकरांनी त्यांना काखेत धरलं.

“मले काय पकडता?” गुलाबराव खाली जाता जाता म्हणाले. “पारा पहा! पारा!”

निर्णय त्याच दिवशी झाला. अयोग्य. खालच्या सह्यांत देशकरांचं नाव तिसरं होतं.

घरी येताना रिक्षात मला राहवलं नाही. “सही होत होती, काका! पेन उघडलं होतं! तुम्हीच स्वतःच्या...”

“काय करू गा?” त्यांच्या मांडीवर पट्ट्यांचं गाठोडं होतं. “दिवाळीनंतर तोच पोट्टा शिकवीन सुमनच्या बॅचले. बेडूक मी बरोबर ठेवला अन् त्यानं धडा उलटा शिकवला तं?” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “अन् पाहिलं का, कान कसे लाल झाले होते त्याचे?” आणि हसले. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं इतके हसले. मग बराच वेळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिले.

दिवाळी झाली. सुमनची बॅच लागली. तिच्या टेबलावर बेडूक नव्या परिचरानं ठेवला. त्या दिवशी गुलाबराव दिवसभर घराची कौलं नीट करत होते, जी आधीच नीट होती.

नंतर महिन्याभरानं देशकर सक्करदऱ्याला घरी आले. पायरीवर बसले, चहा घेतला. विद्यार्थ्यांना वयानुसार नाडीत होणारा फरक माणसावर दाखवायचा होता. तरुण मनगटं वर्गात भरपूर होती. दुसऱ्या प्रकारचं मनगट नव्हतं.

“म्हणजे मी बेडूक,” गुलाबराव म्हणाले.

देशकर काय बोलावं ते न कळून उठायला लागले.

“बसा हो. येतो ना. पण कापाचं नाही, आधीच सांगतो.”

मी त्यांना घेऊन गेलो आणि सवयीनं दाराशीच थांबलो. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. खाकी नसलेले गुलाबराव मला अनोळखी वाटले. ते टेबलावर पडले आणि मुलांनी रांग लावली. पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं, “कोन गाव बाप्पा?” तो मोजणी विसरला. दुसऱ्याच्या वेळी मुद्दाम खोकले. तिसऱ्याला म्हणाले, “बोटं गरम करून आन, मी मेलेला नाही.” वर्ग खुसखुसत होता, देशकर डोळे वटारत होते, आणि कोणाचाच आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

मग हजेरीच्या क्रमानं सुमनचं नाव आलं. तिनं मनगट धरलं, आणि गुलाबराव निपचित झाले.

“श्वास घ्या,” ती म्हणाली. घरी ती वडिलांना अहो-जाहो करत नसे. ते वर्गासाठी होतं. त्यांनी घेतला. “सोडा.” सोडला. तिचे ओठ हलत होते. तिनं वहीत दोन आकडे लिहिले.

“निष्कर्ष?” देशकरांनी विचारलं.

सुमन वहीकडे बघत राहिली.

“बोल ना वं,” डोळे मिटलेलेच ठेवून गुलाबराव पुटपुटले. “मार्क जातीन.”

“फरक नाही, सर,” ती म्हणाली. “वय झालं आहे.”

“बरोबर. लिही.”

तिनं लिहिलं. मनगट मात्र सोडलं नाही. मागचा मुलगा एक पाऊल पुढे सरकला आणि पुन्हा मागे झाला.

“मिनिट झालं वं माय,” गुलाबराव म्हणाले. “मांगं लाइन लागून राहिली.”

सुमननं मान हलवली, आणि ओठ हलवत पुन्हा एकपासून मोजायला लागली.